जर्मन ग्रंथांचे प्रगत वाचन आणि लेखन : सातारा-सांगलीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने

भारतीय विद्येच्या क्षेत्रात जर्मन भाषेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ऑटो ब्योटलिंक आणि रुडोल्फ रोट यांचा सेंट पीटर्सबर्ग येथे १८५५ ते १८७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला संस्कृत-जर्मन कोश, हेर्मान ग्रासमान यांचा १८७३ मधील ऋग्वेदकोश, याकोब वाकरनागेल यांचे १८९६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले प्राचीन भारतीय भाषेचे व्याकरण आणि कार्ल गेल्डनर यांचे १९५१ साली पूर्णतः उपलब्ध झालेले ऋग्वेदाचे भाषांतर ही साधने आजही अपरिहार्य मानली जातात. तथापि ही नावे घेतली म्हणजे जर्मन भाषा ही केवळ संस्कृताच्या अभ्यासकाची गरज आहे, असा समज होण्याचा संभव आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरता विचार केला तरी हा समज अपुरा असल्याचे दिसून येते. त्यासाठी दोन ग्रंथांचा परामर्श घेणे उपयुक्त ठरेल. त्यांपैकी एक ग्रंथ साताऱ्यात जन्मलेल्या विद्वानाने हायडेलबर्ग येथे जर्मन भाषेत लिहिला; दुसरा हायडेलबर्गच्या विद्वानाने महाराष्ट्रातील धनगरांच्या दैवतांविषयी जर्मन भाषेत लिहिला.

१. दोन ग्रंथ

रामचंद्र नारायण दांडेकर यांचा जन्म १९०९ साली सातारा येथे झाला. १९३८ साली त्यांना हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध ‘डेर वेदिशे मेन्श’ म्हणजे ‘वैदिक मानव’ या नावाने त्याच वर्षी हायडेलबर्ग येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ऋग्वेद व अथर्ववेद यांच्या आधारे तत्कालीन भारतीय मनुष्य स्वतःविषयी कोणती धारणा बाळगून होता, हा त्याचा विषय होय. पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी अनेक दशके काम पाहिले. १९४६ साली त्यांच्या वैदिक वाङ्मयसूचीचा पहिला खंड बाहेर पडला आणि पाचवा खंड १९९३ साली प्रसिद्ध झाला. जगभरच्या वैदिक संशोधनाची अशी नोंद ठेवावयाची तर जर्मन ग्रंथांचे आणि नियतकालिकांतील लेखांचे वाचन सततचे व अचूक असावे लागते.

दांडेकरांचे उदाहरण एकाकी नव्हते. त्यांच्यापूर्वी पांडुरंग दामोदर गुणे यांनी लाइपझिग येथे भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी बर्लिन येथे हाइनरिश ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला आणि १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथेच १९३० साली मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. या सर्वांना जर्मन वाचता येणे पुरेसे नव्हते. आपला युक्तिवाद जर्मन विद्वानांपुढे मांडावयाचा होता.

दुसरा ग्रंथ गुंथर-डीट्झ सोन्थायमर यांचा. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत काम करणाऱ्या या विद्वानाने महाराष्ट्रात दीर्घकाळ हिंडून धनगरांच्या ओव्या, कथा आणि विधी यांचा अभ्यास केला. ‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा : महाराष्ट्रातील पशुपालकांच्या दैवतांचा उगम, इतिहास आणि परिसर’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली वीसबाडेन येथे प्रसिद्ध झाला. बिरोबाचे आरेवाडी हे क्षेत्र सांगली जिल्ह्याच्या कवठे महांकाळ तालुक्यात आहे, खंडोबाचे पाल हे क्षेत्र सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यात आहे. मेंढपाळांची वस्ती असलेला माण तालुकाही साताऱ्यातीलच. म्हणजे या जिल्ह्यांतील विद्यार्थ्याच्या घराजवळची दैवते ज्या ग्रंथाचा विषय आहेत तो ग्रंथ जर्मन भाषेत होता. त्याचे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८९ साली प्रसिद्ध झाले. मधल्या तेरा वर्षांत ज्यास जर्मन येत नव्हते त्यास या ग्रंथाचे प्रत्यक्ष परीक्षण करणे शक्य नव्हते. दुसऱ्यांनी दिलेल्या सारांशावर विसंबून राहण्याखेरीज त्यास गत्यंतर नव्हते.

भाषांतर उपलब्ध झाल्यानंतर मूळ ग्रंथ वाचण्याची गरज संपली, असेही म्हणता येत नाही. केवळ शीर्षकाकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल. जर्मन शीर्षकात तिन्ही दैवतांची नावे आहेत. ‘महाराष्ट्र’ हा प्रदेश स्पष्टपणे सांगितला आहे. आणि उगम, इतिहास व परिसर या विवेचनाच्या तीन दिशा निर्दिष्ट केल्या आहेत. इंग्रजी शीर्षकाचा अर्थ ‘पश्चिम भारतातील पशुपालकांची दैवते’ एवढाच होतो. परदेशस्थ वाचकाच्या सोयीसाठी असा बदल करणे समजण्याजोगे आहे. परंतु ‘उमवेल्ट’ म्हणजे सभोवतालचे जग हा शब्द त्यातून गळला आहे. या शब्दात डोंगर, माळरान, पाऊस व चारा यांचा निसर्ग जसा येतो तसा शेतकरी, ब्राह्मण व राजसत्ता यांच्याशी येणारा सामाजिक संबंधही येऊ शकतो. लेखकाने शीर्षकातच सुचविलेला हा दृष्टिकोन मूळ ग्रंथ हाती घेणाऱ्यासच प्रथमदर्शनी कळतो.

२. मराठी वाचकास अनुकूल अशा गोष्टी

जर्मन भाषा बहुधा इंग्रजीच्या आधारे शिकविली जाते. त्यामुळे इंग्रजी वाचकास ज्या अडचणी येतात त्याच मराठी वाचकासही येतील असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. विद्वत्तापूर्ण जर्मन गद्यातील काही रचना इंग्रजीपेक्षा मराठीस अधिक जवळच्या आहेत.

पहिली रचना गौण वाक्याची. ‘दास एर गेश्टर्न गेकोमेन इस्ट’ या गौण वाक्यातील शब्दांचा क्रम ‘की तो काल आलेला आहे’ असाच आहे. क्रियापद शेवटी येते आणि सहायक क्रियापद त्याच्याही नंतर येते. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा विद्यार्थी क्रियापदाच्या शोधात गोंधळतो. मराठीच्या सवयीने वाचणाऱ्यास ते शेवटी येणार हे आधीच ठाऊक असते.

दुसरी रचना नामापूर्वी येणाऱ्या विस्तृत धातुसाधित विशेषणाची. ‘दास इम यारे १९७६ इन वीसबाडेन एर्शीनेने बूख’ म्हणजे शब्दशः ‘ते १९७६ साली वीसबाडेन येथे प्रसिद्ध झालेले पुस्तक’. क्रमात काहीच फरक नाही. जर्मन शास्त्रीय गद्यात अशी विशेषणे दोन-दोन ओळींची असतात आणि इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्यास ती दुर्भेद्य वाटतात. मराठी वाचकाने वाक्याचे इंग्रजी करण्याचा प्रयत्न सोडून ते सरळ मराठीत वाचले, तर अशी वाक्ये बहुतेक वेळा आपोआप उलगडतात.

तिसरी गोष्ट समासांची. ‘रेलिगिओन्सगेशिख्टे’ हा शब्द ‘धर्म’ व ‘इतिहास’ यांचा षष्ठी तत्पुरुष होय. अंत्यपद प्रधान असते आणि सामासिक शब्दाचे लिंगही त्यावरूनच ठरते. दांडेकरांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकातील ‘झेल्ब्स्टआउफफासुंग’ म्हणजे ‘स्वतः’ अधिक ‘धारणा’. संस्कृत समासाचा विग्रह करण्याची ज्यास सवय आहे त्याने शेवटच्या पदापासून मागे यावे. मात्र पदांमधील संबंध कोणता, हे येथेही संदर्भावरूनच ठरवावे लागते. ते काम कोश करीत नाही.

तीन लिंगे हीदेखील परिचयाची गोष्ट होय. परंतु येथे साम्य फसवे आहे. चंद्र दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहे, पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. त्याचप्रमाणे ‘मेन्श’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी असला तरी त्याचा अर्थ ‘पुरुष’ असा होत नाही, ‘मनुष्य’ असा होतो. ‘डेर वेदिशे मेन्श’ याचा अर्थ ‘वैदिक पुरुष’ असा केल्यास पुरुषसूक्ताचे स्मरण होऊन ग्रंथाच्या विषयाविषयीच गैरसमज होईल.

३. वाचनातील खरी अडचण

शब्द आणि वाक्यरचना कळली म्हणजे ग्रंथ कळला, असे प्रगत पातळीवर म्हणता येत नाही. संशोधनपर ग्रंथात एखादे विधान कोण करीत आहे आणि किती खात्रीने करीत आहे, हे जाणणे सर्वांत महत्त्वाचे असते. जर्मन भाषेने यासाठी क्रियापदाच्या रूपांची सूक्ष्म व्यवस्था केली आहे, आणि चुका होतात त्या मुख्यतः येथेच.

उदाहरणादाखल ‘खंडोबा हा मूळचा पशुपालकांचा देव आहे’ असे वाक्य घ्यावे. त्यात ‘इस्ट’ हे क्रियापद असेल तर ते ग्रंथकाराचे स्वतःचे विधान होय. त्याऐवजी ‘झाय’ हे रूप आले तर ते विधान दुसऱ्या कोणाचे आहे आणि ग्रंथकार त्याचा केवळ अनुवाद करीत आहे, असा अर्थ होतो. या रूपास व्याकरणात पहिला कोन्युंक्टिव्ह म्हणतात. मराठीत ‘असे म्हणतात’, ‘असल्याचे सांगितले जाते’ किंवा बोलीतील ‘म्हणे’ यांनी हे कार्य साधते. जर्मन लेखक परिच्छेदाच्या आरंभी एकदाच वक्त्याचे नाव सांगतो आणि नंतरची आठ-दहा वाक्ये केवळ या रूपाच्या बळावर त्याच्या तोंडी ठेवतो. इंग्रजीत यासाठी स्वतंत्र रूप नसल्यामुळे भाषांतरात दर वाक्यास ‘त्याच्या मते’ असे जोडावे लागते. न जोडल्यास पूर्वपक्ष हाच सिद्धांत होऊन बसतो. यंत्राच्या साहाय्याने केलेले भाषांतर वापरणाऱ्याने याच ठिकाणी सर्वाधिक सावध असावे.

या नियमास एक पोटनियम आहे. अनेकवचनात पहिल्या कोन्युंक्टिव्हचे रूप पुष्कळदा साध्या वर्तमानकाळासारखेच असते. ‘हाबेन’ हे त्याचे उदाहरण. अशा वेळी संदिग्धता टाळण्यासाठी दुसऱ्या कोन्युंक्टिव्हचे ‘हेटेन’ हे रूप वापरतात. एरव्ही हे रूप संकेतार्थ किंवा असत्यता दर्शविते. म्हणून ‘हेटेन’ दिसताच ग्रंथकार त्या मतास नाकारीत आहे असे ठरविणे हीसुद्धा चूकच होय. तेथे केवळ परमताचे कथन असू शकते.

दुसरा वर्ग साहाय्यकारी क्रियापदांचा. ‘झोल’ याचा प्राथमिक अर्थ ‘पाहिजे’ असा शिकविला जातो. पण भूतकालवाचक रचनेसह आल्यास त्याचा अर्थ ‘असे सांगतात’ असा होतो. एखाद्या दैवताच्या कथेत हे क्रियापद आले तर ‘देवाने येथे यावयास पाहिजे होते’ असा अर्थ नसून ‘देव येथे आला, अशी आख्यायिका आहे’ असा अर्थ असतो. ‘व्हिल’ हे क्रियापद अशाच रचनेत आल्यास ‘आपण हे पाहिले, असा त्याचा दावा आहे’ अशी छटा येते. ‘ड्युर्फ्टे’ म्हणजे ‘बहुधा असावे’. ‘मुस’ म्हणजे पुराव्यावरून निघणारे अनुमान. आणि ‘व्होल’ हे लहानसे अव्यय सबंध विधान ‘बहुधा’च्या पातळीवर आणून ठेवते. निश्चय, अनुमान, संभव आणि ऐकीव माहिती या चार पायऱ्या वाचकाने वेगळ्या ओळखल्या नाहीत, तर ग्रंथकाराने भीतभीत मांडलेली कल्पना विद्यार्थ्याच्या प्रबंधात सिद्ध गोष्ट म्हणून अवतरते आणि पुढच्या प्रबंधांत तशीच उतरत जाते.

तिसरी अडचण विभाज्य उपसर्गांची. ‘श्टेल्ट’ हे क्रियापद वाक्यात दुसऱ्या स्थानी येते आणि त्याचा उपसर्ग चार ओळींनंतर वाक्याच्या अखेरीस येतो. अखेरीस ‘डार’ असेल तर ‘मांडतो’, ‘फेस्ट’ असेल तर ‘निश्चित करतो’, आणि ‘इन फ्रागे’ हे शब्द असतील तर ‘शंका उपस्थित करतो’ असा अर्थ होतो. वाक्य संपेपर्यंत निर्णय राखून ठेवण्याची सवय हाच यावरचा उपाय. त्याचप्रमाणे ‘त्स्वार’ हे अव्यय दिसताच पुढे ‘आबर’ येणार हे ओळखावे. ‘जरी’ नंतर ‘तरी’ यावा तसा हा संबंध आहे. ‘त्स्वार’च्या वाक्यात लेखक प्रतिपक्षास दिलेली सवलत सांगतो, स्वतःचे मत ‘आबर’नंतर सांगतो.

इंग्रजीशी असलेल्या बाह्य साम्यामुळे होणाऱ्या चुका याहून ढोबळ, पण तितक्याच सामान्य आहेत. ‘एव्हेंटुएल’ म्हणजे ‘कदाचित’, ‘अखेरीस’ नव्हे. ‘आक्टुएल’ म्हणजे ‘सध्याचा’, ‘प्रत्यक्ष’ नव्हे. ‘आल्झो’ म्हणजे ‘म्हणून’, ‘सुद्धा’ नव्हे. शेवटचा शब्द चुकला तर कार्यकारणभावच नाहीसा होतो.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत लेखनपद्धतीचेही भान ठेवावे लागते. १९०१ च्या सुधारणेपूर्वी अनेक शब्द अधिक अक्षरांनी लिहिले जात, आणि १९९६ च्या सुधारणेने आणखी काही रूपे बदलली. ब्योटलिंक-रोट, दांडेकर आणि आजचा कोश या तिहींची वर्णरचना म्हणून एक नाही. जुना शब्द आजच्या कोशात सापडला नाही म्हणजे तो दुर्मीळ आहे असे होत नाही. पुष्कळदा त्याचे लेखन तेवढे बदललेले असते.

४. लेखनाचा अभ्यास कशासाठी?

परदेशी शिकावयास न जाणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ ‘वाचनापुरती जर्मन’ पुरेशी आहे, असा एक पक्ष आहे. त्यात तथ्य आहे. युरोपीय परिमाणात भाषेच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या मानल्या जातात. जर्मनीतील विद्यापीठांत जर्मन माध्यमातून शिकावयाचे तर साधारणतः सी१ पातळीची अपेक्षा असते, आणि त्यासाठी श्रवण, संभाषण, वाचन व लेखन या चारही अंगांची तयारी लागते. संशोधनापुरते वाचन त्यापेक्षा कमी काळात साध्य होते, याविषयी दुमत नाही.

परंतु लेखनाचा सराव अजिबात वगळल्यास वाचनही पातळ राहते. ‘झाय’ आणि ‘इस्ट’ यांतील भेद वाचताना डोळ्यांखालून निसटतो. तोच भेद स्वतः लिहिताना टाळता येत नाही. सोन्थायमर यांच्या एका परिच्छेदाचा पाच वाक्यांत जर्मन सारांश लिहावयास घेतला की प्रत्येक वाक्यापाशी प्रश्न उभा राहतो : हे त्यांचे मत, की त्यांनी सांगितलेली कथा, की त्यांनी खोडलेला दुसऱ्याचा तर्क? त्याचे उत्तर दिल्याविना क्रियापदाचे रूपच निवडता येत नाही. या अर्थाने लेखन ही वाचनाची कसोटी होय.

या सरावाची एक साधी रीत सांगता येईल. प्रथम परिच्छेद वाचून केवळ क्रियापदे व त्यांचे उपसर्ग जुळवावेत. दुसऱ्या वाचनात विधानांचे परस्परसंबंध, म्हणजे ‘म्हणून’, ‘तथापि’, ‘जरी-तरी’, निश्चित करावेत. तिसऱ्या वाचनात प्रत्येक विधानाचा कर्ता आणि त्याची खात्री नोंदवावी. नंतर पुस्तक मिटून जर्मन सारांश लिहावा आणि तो मुळाशी ताडून पाहावा. सर्वांत शेवटी मराठी अनुवाद करावा. जेथे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे तेथे ते या सर्व पायऱ्यांनंतरच उघडावे.

लेखनात मराठी विद्यार्थ्याच्या चुका ठरावीक असतात. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी आलेच पाहिजे, हा नियम मराठीच्या सवयीस प्रतिकूल आहे. ‘इम यारे १९३८ एर्शीन दास बूख’ या वाक्यात कालवाचक पद आरंभी आल्याबरोबर क्रियापद पुढे येते आणि कर्ता मागे सरतो. मराठी विद्यार्थी क्रियापद अखेरीस नेतो, किंवा इंग्रजीच्या प्रभावाने कर्ता आधी घालतो. दुसरी चूक उपपदाची. मराठीत उपपद नसल्यामुळे परिचित व अपरिचित वस्तूंतील भेद वाक्यात कोठे दाखवावयाचा, हे त्यास उमगत नाही. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या उपपदासह पाठ करावे, म्हणजे लिंगाचा प्रश्नही त्याबरोबर सुटतो.

५. घरचा शब्द आणि परकी भाषा

लेखनाचे याहून मोठे प्रयोजन आहे. धनगर ज्यास ‘वाडा’ म्हणतो ती मेंढरांसह एका रानातून दुसऱ्या रानात हलणारी त्याची वस्ती असते. कोशात ‘वाडा’ पाहणाऱ्यास चौसोपी चिरेबंदी घर दिसेल. ओवीच्या आरंभी मांडावयाचे ‘सुंबरान’ हा ‘स्मरण’ शब्दाशी संबंध सांगणारा शब्द असला तरी केवळ ‘स्मरण’ या अर्थाच्या जर्मन शब्दाने त्यातील आवाहनाचा भाग व्यक्त होत नाही. असे शब्द मूळ रूपात ठेवून त्यांचे जर्मनमध्ये स्पष्टीकरण कसे करावे, याचा निर्णय कवठे महांकाळ किंवा माण तालुक्यात वाढलेला विद्यार्थी जितक्या अधिकाराने करू शकेल तितका दुसरा कोणी करू शकणार नाही. हा अधिकार त्याजपाशी आहे. तो प्रकट करण्याची भाषा मात्र त्यास मिळवावी लागेल. बाहेरच्या अभ्यासकाने केलेल्या वर्णनात काही उणे असेल तर ते त्याच्याच भाषेत, त्याच्याच प्रमाणपद्धतीने दाखवून देता आले पाहिजे. वेदांच्या बाबतीत दांडेकरांनी १९३८ साली जर्मन भाषेत आपले प्रतिपादन मांडले, त्याचे मोल या दृष्टीने आहे.

साधनांची अडचण पूर्वी फार मोठी होती. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर. सांगलीहून ते अंतर दुपटीच्या घरात जाते. आणि भांडारकर संस्था किंवा डेक्कन कॉलेज यांच्या ग्रंथालयांत बसल्याविना मूळ जर्मन ग्रंथ पाहावयास मिळत नसत. आज पीटर्सबर्ग कोश व ग्रासमान यांचा ऋग्वेदकोश कोलोन विद्यापीठाने संगणकावर सर्वांस खुले केले आहेत. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले इतर अनेक ग्रंथही घरबसल्या वाचता येतात. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले, त्या काळच्या विद्यार्थ्यास ही सोय कल्पनेतही आली नसती.

ग्रंथ हाती येणे आणि ग्रंथ वाचता येणे यांत अंतर आहे. ते अंतर यंत्राने भरून निघत नाही. संस्कृत, इतिहास, समाजशास्त्र किंवा लोकसाहित्य या विषयांत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या पदव्युत्तर काळात आपल्या विषयाचा एक जर्मन ग्रंथ निवडून तो वर सांगितलेल्या रीतीने आद्यंत वाचावा आणि त्याच्या एका प्रकरणाचे जर्मनमध्ये परीक्षण लिहावे, एवढी अपेक्षा अवास्तव ठरू नये. बिरोबा आणि खंडोबा यांच्याविषयी कोणी काय म्हटले आहे, आणि ते कितपत खात्रीने म्हटले आहे, याची पडताळणी आरेवाडीच्या किंवा पालच्या जवळच्या महाविद्यालयात बसून करता येईल, तेव्हा या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.